तंजावरचा राजविद्यार्थी : सरफोजी महाराज

पुष्कळ विद्यार्थी रात्रंदिवस घोकतात, तरी परीक्षेचा दिवस उलटला की त्यांच्या हाती फारसे उरत नाही. एखादा थोडेच वाचतो, परंतु जे वाचतो ते त्याच्या अंगी मुरते आणि जन्मभर त्याला साथ देते. हा भेद केवळ बुद्धीचा असतो असे नाही. पुष्कळदा तो अभ्यासाच्या रीतीचा असतो. रीत सापडली म्हणजे बेताच्या बुद्धीचा मनुष्यही दूरची मजल गाठतो, आणि ती न सापडल्यास तल्लख बुद्धीही वाया जाते. अशी रीत शोधून ती शेवटच्या श्वासापर्यंत आचरणाऱ्या एका विद्यार्थ्याचे चरित्र महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या तीरावर घडले. तो विद्यार्थी म्हणजे तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी होत. त्यांनाच शरभोजी असेही म्हणत.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे मराठ्यांचे राज्य स्थापिले. तेव्हापासून त्या नगरीत मराठी ही राजकुलाची भाषा झाली. तमिळ आणि तेलुगू या भाषांनाही दरबारात मान होता, आणि संस्कृत पंडितांना तर आश्रयच होता. या कुळातील तुळजाजी राजे यांना उतारवयात संतती उरली नाही. तेव्हा त्यांनी इ. स. १७८७ च्या जानेवारीत भोसले कुळातीलच एक मुलगा दत्तक घेतला. त्याचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. म्हणजे दत्तविधानाच्या वेळी तो अवघा नऊ वर्षांचा होता. त्याचे नाव सरफोजी.

तुळजाजी त्या वेळी आजारी होते. मुलाच्या पालनाची चिंता त्यांना लागली होती. त्यांनी श्वार्ट्‌झ नावाच्या एका जर्मन मिशनऱ्याला बोलावून मुलाचा हात त्याच्या हाती देऊ केला. श्वार्ट्‌झ इ. स. १७५० मध्ये या देशी आलेला. तमिळ उत्तम जाणणारा आणि मराठीही शिकलेला. त्याच्या सचोटीचा लौकिक असा होता की, इंग्रजांचा प्रतिपक्षी हैदरअली यानेही त्याला दूत म्हणून विश्वासाने भेट दिली होती. परंतु परक्या धर्मोपदेशकाने राजपुत्राचे पालकत्व घेणे योग्य नव्हे, अशा विचाराने श्वार्ट्‌झने तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांच्याकडे मुलाला सोपवावे, असा सल्ला दिला. सल्ला सद्‌हेतूचा होता. परंतु त्याचे फळ त्या बालकाला फार कडू लागले.

तुळजाजी त्याच वर्षी निवर्तले. दत्तविधानाच्या शास्त्रार्थाविषयी वाद उपस्थित झाला, काही पंडितांनी दत्तक अग्राह्य ठरविला, आणि कंपनी सरकारने अमरसिंहांना गादीवर बसविले. ज्याला गादी मिळावयाची होती तो मुलगा आता राजवाड्यात नकोसा झाला. त्याला कोंडून ठेवण्यात आले आणि त्याच्या शिक्षणाचीही उपेक्षा झाली. मौजीबंधनानंतर इतर मुले गुरूपुढे बसून पाठ म्हणू लागतात, त्या वयात हा राजपुत्र अक्षराला पारखा झाला.

श्वार्ट्‌झ एकदा त्याला भेटावयास गेला. खोली अंधारी होती आणि मुलगा तेथे एकटा बसला होता. त्या भेटीचा जो वृत्तांत मागे राहिला आहे, त्यावरून दिसते की मुलाने त्या वृद्धाला एक प्रश्न केला. मुलांना सूर्य आणि चंद्र पाहू न देण्याची चाल तुमच्या युरोप खंडातही आहे काय, असे त्याने विचारले. या प्रश्नात गाऱ्हाणे आहे. परंतु त्याहून अधिक काही आहे. कोंडवाड्यात बसलेला मुलगा दूरच्या देशातील रीत विचारतो, दोन देशांची तुलना करू पाहतो आणि आपल्या दुःखाचेही कारण शोधतो. पुढे ज्याने दुर्बिणीतून आकाशातील ज्योती न्याहाळल्या, त्या विद्यार्थ्याचा पहिला धडा या अंधारातील प्रश्नानेच सुरू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्या सल्ल्याचा परिणाम पाहून श्वार्ट्‌झ स्वस्थ बसला नाही. त्याने कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे पत्रांमागून पत्रे धाडली, मुलाच्या रक्षणासाठी पहारा मागितला, आणि अखेर इ. स. १७९३ मध्ये सरफोजीला तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला नेण्याची व्यवस्था झाली. तेथे श्वार्ट्‌झचा सहकारी गेरिके याने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. या वेळी सरफोजी पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्या वयात शास्त्री घराण्यातील मुलाचे काव्य आणि कोश केव्हाच मुखोद्गत झालेले असत. सरफोजीची मात्र सहा वर्षे हातची गेली होती. गेलेला काळ परत येत नाही. म्हणून उरलेल्या काळात अधिक फळ देणारी रीत शोधणे त्याला भाग होते.

ती रीत त्याला दोन दिशांनी मिळाली. एक आपल्या देशातील परंपरेची. गुरुमुखातून ऐकावे, पाठ करावे, मनात घोळवावे आणि मग त्याचे चिंतन करावे. श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा तिचा क्रम. या रीतीने शब्द दृढ होतो, स्मरणशक्ती तीक्ष्ण होते, आणि ग्रंथ हरवला तरी विद्या हरवत नाही. दुसरी रीत जर्मनीतील हाले नगरातून आलेली. तेथे फ्रांके नावाच्या आचार्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. मुलांना केवळ पुस्तकातील शब्द शिकवू नयेत, वस्तू डोळ्यांपुढे ठेवून शिकवावे, हा तेथील दंडक होता. त्यासाठी त्या शाळेत देशोदेशींचे शंख, वनस्पती, खनिजे, यंत्रांचे नमुने अशा वस्तूंनी भरलेले एक दालनच होते. श्वार्ट्‌झ आणि गेरिके हे दोघेही याच हालेचे विद्यार्थी. आपण जसे शिकलो तसेच त्यांनी या राजपुत्राला शिकविले.

सरफोजीने या दोहोंपैकी एकीचा स्वीकार करून दुसरीचा त्याग केला नाही. इंग्रजी भाषा आणि नव्या विद्या त्याने हालेच्या रीतीने आत्मसात केल्या. परंतु शास्त्रे, पुराणे आणि काव्ये यांच्यासाठी पंडितांचे चरण सोडले नाहीत. तो मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि इंग्रजी या भाषांत वावरू लागला आणि युरोपातील आणखी काही भाषांशीही त्याने परिचय करून घेतला. ऐकलेले पाहावे, पाहिलेले करून पाहावे आणि केलेले लिहून ठेवावे, असा त्याच्या अभ्यासाचा क्रम हळूहळू ठरत गेला.

इ. स. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्‌झने तंजावरास देह ठेवला. सरफोजी गुरूच्या अंत्यदर्शनास गेला. त्याचे अश्रू आवरेनात; त्याने गुरूच्या देहावर भरजरी वस्त्र घातले आणि तो दफनस्थानापर्यंत बरोबर गेला. पुढे त्याने फ्लॅक्समन या प्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून आणून तंजावरच्या किल्ल्यातील प्रार्थनामंदिरात बसविले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात शिष्याने हाती घेतला आहे, असे दृश्य त्यावर कोरलेले आहे. समाधीच्या शिळेसाठी इंग्रजी पद्यही त्याने स्वतःच रचिले. तथापि गुरूचा धर्म मात्र त्याने स्वीकारला नाही. तो आजन्म शिवभक्त राहिला, बृहदीश्वराची सेवा त्याने केली, आणि इ. स. १८०३ मध्ये त्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत मराठी इतिहास कोरविला. प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही ज्ञानप्राप्तीची साधने भगवंतांनी गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितली आहेत. गुरू कोणत्या देशीचा आणि कोणत्या पंथाचा, यावर ती अवलंबून नसतात, हे या शिष्याने दाखविले.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात दत्तविधानाचा निवाडा सरफोजींच्या बाजूने होऊन ते गादीवर बसले. परंतु दीड वर्षही झाले नाही तोच, इ. स. १७९९ च्या ऑक्टोबरात, कंपनीशी तह झाला आणि राज्याचा सर्व कारभार इंग्रजांच्या हाती गेला. महाराजांकडे किल्ला, वार्षिक एक लक्ष होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. एकविसाव्या वर्षी राजा झालेल्या पुरुषाला आता राज्य नव्हते, सेना नव्हती, न्याय करावयाचा नव्हता. अशा स्थितीत पुष्कळ संस्थानिक मद्य, मृगया आणि नृत्यगायन यांत आयुष्य घालवून नष्ट झाले. सरफोजींनाही तो मार्ग मोकळाच होता. त्यांनी तो घेतला नाही. राजेपण गेले तरी विद्यार्थीपण कोणत्याही तहाने जात नाही, हे त्यांनी ओळखले आणि राजवाड्याचीच पाठशाळा केली.

राजवाड्यात नायक राजांच्या काळापासून चालत आलेले सरस्वती भांडार होते. महाराजांनी त्याला आपल्या अभ्यासाचे अंतरंग बनविले. ठिकठिकाणी पंडित पाठवून ताडपत्रे आणि कागदी पोथ्या मिळविल्या. मिळत नसत त्यांच्या नकला करविल्या. त्याच बरोबर युरोपातून छापील ग्रंथ मागविले. वैद्यक, रसायन, वनस्पतिशास्त्र, खगोल, शिल्प, इतिहास, काव्य, कोश अशा नाना विषयांची ही पुस्तके हजारोंनी मोजली जातात, आणि त्यांतील पुष्कळांवर महाराजांची स्वतःच्या हातची सही आजही दिसते. कपाटाची शोभा वाढविण्यासाठी पुस्तके घेणारा धनिक सही करण्याचेही कष्ट घेत नाही. ज्याला पुस्तक हे सोबती वाटते, तोच त्यावर आपले नाव घालतो.

परंतु पुस्तकाशेजारी वस्तू हवी, हा बाळपणीचा धडा ते विसरले नाहीत. त्यांच्या दालनात दुर्बिणी आणि आकाशवेधाची इतर उपकरणे होती. पात्रातील हवा काढून घेणारे यंत्र होते. घर्षणाने वीज उत्पन्न करणारे यंत्र होते. लाकूड किंवा हस्तिदंत कातण्याचे यंत्रही होते. शंखशिंपले, पक्षी, प्राणी आणि वनस्पती यांची चित्रे त्यांनी चितार्‍यांकडून काढविली. तरंगमपाडी येथील डॅनिश वसाहतीत राहणाऱ्या योहान या मिशनऱ्याशी सृष्टिविज्ञानाविषयी त्यांचा पत्रव्यवहार चाले.

वैद्यक हा त्यांचा विशेष प्रिय विषय. शरीररचना समजून घ्यावयाची तर अस्थींचा सांगाडा हाताळावयास हवा. पुस्तकातील आकृती पुरत नाही. परंतु मनुष्याच्या अस्थींचा स्पर्श धर्मशास्त्राने अशौचाचा मानलेला. येथे अभ्यासाची रीत आणि कुळाचा आचार यांत विरोध उभा राहिला. एखाद्याने आचार झुगारला असता, एखाद्याने अभ्यास सोडला असता. महाराजांच्या संग्रहात हस्तिदंताचा सांगाडा होता. हाडांची रचना, सांधे आणि जोड त्यावर पाहता येत, आणि आचारालाही बाध येत नसे. खरी जिज्ञासा अडचणीशी भांडत बसत नाही. ती वाट काढते.

शरीररचना कळली, औषधांचे ग्रंथ जमले, तरी त्यांतील गुण कोणते खरे आणि कोणते केवळ ऐकीव, हा प्रश्न राहिलाच. त्यासाठी महाराजांनी धन्वंतरी महाल स्थापिला. तेथे देशी आणि युरोपीय वैद्य एकत्र काम करीत, औषधे तयार होत आणि रोग्यांवर उपचार होत. ज्या औषधांचा गुण अनुभवास आला त्यांची कृती नोंदवून ठेवण्यात आली, आणि त्यांतून शरभेंद्र वैद्यकाचे तमिळ ग्रंथ तयार झाले. नेत्ररोगांच्या बाबतीत ही काळजी आणखी वाढली. रोग्याचे नाव, त्याची तक्रार, डोळ्याची स्थिती, केलेला उपचार आणि झालेला परिणाम यांची टिपणे ठेविली गेली, आणि विकार झालेल्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढविली गेली. ही टिपणे आजही सरस्वती महालात आहेत, आणि आधुनिक नेत्रवैद्यांनीही त्यांचा अभ्यास केला आहे.

या टिपणांत अभ्यासाचे एक मर्म साठलेले आहे. स्मरणशक्ती दयाळू असते. जे साधले ते ती ठेवते आणि जे फसले ते हळूच विसरते. लेखणी मात्र निःपक्षपाती असते. गुण आला तर तेही लिहिते, न आला तर तेही लिहिते. आपले कोठे चुकले हे ज्या विद्यार्थ्याच्या वहीत लिहिलेले असते, तो तीच चूक दुसऱ्यांदा करीत नाही.

शिकलेले दुसऱ्याला शिकविल्यावाचून पक्के होत नाही, हेही महाराजांनी जाणले होते. राजवाड्यात त्यांनी नवविद्येची शाळा चालविली. तेथे वेदशास्त्रांबरोबर भाषा, गणित आणि नवी शास्त्रे शिकविली जात. इ. स. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना काढला. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाईने अजून मूळही धरले नव्हते, त्या काळी कावेरीतीरी इसापाच्या नीतिकथा बालबोध मुक्तावली या नावाने मराठीत छापून निघाल्या. मुलांच्या हाती प्रथम कोणता ग्रंथ द्यावा, याचा हा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. छोटी कथा, सोपी भाषा आणि शेवटी मनात राहणारे एक तत्त्व.

त्याहून नवलाची त्यांची कृती म्हणजे देवेंद्र कोरवंजी हे मराठी नाटक. दक्षिणेत भविष्य सांगत हिंडणाऱ्या कुरव जातीच्या स्त्रीची गीते लोकांच्या ओठी असतात, आणि त्यांवर रचिलेली कोरवंजी नाटके मंदिरांत आणि दरबारांत होत असत. महाराजांनी तो ओळखीचा साचा घेतला आणि त्यात नवा अर्थ भरला. त्यांची कोरवंजीण आपण हिंडलेल्या देशांचे वर्णन करू लागते, आणि तिच्या गाण्यांतून पृथ्वीवरील खंडे, देश, पर्वत आणि नद्या यांची नावे ऐकणाऱ्याच्या मनात उतरतात. भूगोलाची रूक्ष यादी पाठ करणे मुलाला जड जाते. तीच यादी चालीवर आली की सहज मुखोद्गत होते. पाठांतराची आपली जुनी रीत आणि जगाचे नवे ज्ञान यांची येथे गाठ पडली.

हे सर्व राजवाड्यातच राहिले असे नाही. राज्यातील छत्रांत यात्रेकरूंना अन्न मिळे, अनाथ मुलांचे पालन होई आणि अध्यापकही नेमलेले असत. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र यांत विशेष प्रसिद्ध झाले. मुलाच्या पोटात अन्न असल्यावाचून त्याच्या डोक्यात विद्या उतरत नाही. अंधारकोठडीत वाढलेल्या राजाला हे सांगावे लागले नसेल.

इ. स. १८२० मध्ये महाराज सुमारे तीन हजार माणसांच्या परिवारासह काशीयात्रेस निघाले आणि तो प्रवास दीर्घकाळ चालला. गंगास्नान, दानधर्म, श्राद्धकर्म हे सर्व यथासांग झाले. परंतु विद्यार्थ्याची दृष्टी तीर्थातही जागीच होती. वाटेत आणि काशीत त्यांनी हस्तलिखिते मिळविली, आणि काशीच्या घाटांची चित्रे काढवून घेतली. यात्रेचे वर्णन मराठी लावणीरचनेतही बांधले गेले. तेव्हा महाराज त्रेचाळीस वर्षांचे होते. या वयात बहुतेकांचा अभ्यास संपलेला असतो. यांचा चालूच होता.

इ. स. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरास आले. त्यांनी महाराजांची भेट घेतली, ग्रंथसंग्रह आणि उपकरणे पाहिली. लाव्हाझिये, लिनीयस, ब्यूफाँ या शास्त्रज्ञांच्या मतांचे दाखले हा हिंदू राजा सहज देतो आणि इंग्रजी काव्याचीही मार्मिक पारख करतो, हे पाहून ते चकित झाले. जो मुलगा सहा वर्षे अक्षराविना राहिला होता, त्याच्याविषयी एका परदेशी विद्वानाचे हे मत झाले, यातच त्या अभ्यासरीतीची परीक्षा झाली.

दिनांक ७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराजांनी देह ठेवला. त्यांच्यामागून पुत्र शिवाजी गादीवर आले, इ. स. १८५५ मध्ये तेही निपुत्रिक वारले, आणि इंग्रजांनी राजपदही संपविले. भोसल्यांची गादी गेली, हत्ती-घोडे गेले, दरबार उठला. ग्रंथ मात्र राहिले. इ. स. १९१८ मध्ये ते भांडार सर्वांसाठी खुले झाले, आणि सरस्वती महाल या नावाने ते आजही उभे आहे. संस्कृत, तमिळ, मराठी, तेलुगू अशा भाषांतील चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते तेथे आहेत. त्यांत मराठीच तीन हजारांच्या घरात आहेत. महाराष्ट्रातील कित्येक संशोधकांना आपल्याच भाषेचे जुने धन शोधण्यासाठी तंजावरची वाट धरावी लागली.

कोणी म्हणेल, राजाला धन होते, ग्रंथ होते, पंडित होते. सामान्य विद्यार्थ्याने त्यापासून काय घ्यावे? ग्रंथालय आणि दुर्बीण धनाने मिळते हे खरे; परंतु महाराजांच्या अभ्यासाचा गाभा धनाचा नव्हता. जे कळत नाही ते संकोच न करता विचारावे. पुस्तकात जे वाचले ते सृष्टीत कोठे आढळते हे डोळ्यांनी पाहावे. शक्य असेल ते आपल्या हाताने करून पाहावे. जे झाले ते, यश असो वा अपयश, त्याच दिवशी लिहून ठेवावे. शेवटी ते धाकट्या भावंडाला आपल्या मातृभाषेत समजावून सांगावे. सांगताना जेथे अडखळावे लागेल, तेथे आपलेच कच्चे राहिले आहे असे समजून पुन्हा मुळापासून आरंभ करावा. यांपैकी एकाही गोष्टीला राजकोश लागत नाही.

ज्याच्यापासून सूर्य आणि चंद्र लपविले गेले, त्याने आपल्या हाताने दुर्बीण लावून ते पाहिले. ज्याचे राज्य हिरावले गेले, त्याने विद्येचे राज्य उभारले, आणि ते आज जवळजवळ दोन शतके लोटली तरी टिकून आहे. गेलेल्या वर्षांचा शोक करीत बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने या राजविद्यार्थ्याचे स्मरण करावे आणि आजच्या दिवसाचा पाठ हाती घ्यावा.